भोकरदनचे प्राचीन अलंकार : सोन्याविना अलंकारांचा इतिहास

प्रस्तावना :

क्रीट बेटावरील मिनोअन संस्कृतीचे सुवर्णालंकार आजही पाहावयास मिळतात. मालिया येथील दफनस्थळी सापडलेले दोन मधमाश्यांचे पदक साडेतीन हजारांहून अधिक वर्षांचे असून त्यावरील बारीक रव्यांचे काम थक्क करणारे आहे. अशा नमुन्यांवरून इलिआस लालाउनिस या ग्रीक सुवर्णकाराने विसाव्या शतकात जुन्या घाटाचे दागिने नव्याने घडविले. महाराष्ट्रात असे करावयाचे झाल्यास आधार कोणता, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील पुराव्यांच्या अनुषंगाने केला आहे.

सोने का उरले नाही?

क्रीटमध्ये मृतांसोबत पुरलेले सोने थडग्यांत सुरक्षित राहिले. आपल्याकडे दहनाची प्रथा प्रबळ. शिवाय सोने हे दागिना असण्याबरोबरच संचितही असल्याने अडचणीच्या वेळी मोडणे व लग्नकार्यात आटवून नवे घडविणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होय. त्यामुळे सातवाहनकालीन सुवर्णालंकार अत्यल्प सापडतात आणि अभ्यासकाला मणी, शंख, हस्तिदंत व भाजलेली माती यांकडे वळावे लागते.

भोगवर्धनाचा पुरावा :

हसनाबाद ज्या तालुक्यात मोडते त्या तालुक्याचे ठाणे भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. केळणा नदीकाठच्या या नगरातील दात्यांचे उल्लेख सांची येथील दानलेखांत येतात. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ मध्ये येथे उत्खनन केले; शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी संपादित केलेला अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. विविध प्रकारचे मणी, बांगड्या यांबरोबर हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती येथे मिळाली.

या मूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी दाखविले जाते. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या त्या स्त्रीच्या अंगावर कंठभूषणे, हातभर कांकणे व पायांत जड वाळे आहेत. पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे घडली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र या काळातील स्त्रिया कोणता दागिना कोठे व किती संख्येने घालीत, हे अशा मूर्तींतून कळते. सुटा सापडलेला दागिना ही माहिती देऊ शकत नाही. भोकरदनच्या उत्तरेस असलेल्या अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील प्राचीन चित्रेही याच दृष्टीने मोलाची आहेत.

परकीय नाण्याचा दागिना :

भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स खर्ची पडतात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी याने केली होती. त्या नाण्यांना भोक पाडून किंवा कडी लावून ती गळ्यात घातली जात. तेर व कोंडापूर येथे रोमन नाण्यांची नक्कल असलेली, ओवण्यासाठी कडी असलेली मातीची पदकेही मिळाली आहेत. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनी सोन्याचा घाट मातीत उतरविला, असे यावरून मानता येते. पुढे व्हेनिसचे सोन्याचे नाणे महाराष्ट्रात ‘पुतळी’ म्हणून ओळखले गेले आणि पुतळ्यांची माळ हा प्रतिष्ठेचा अलंकार ठरला. या दोहोंमध्ये सलग परंपरा सिद्ध करता येत नसली, तरी परक्या नाण्याला अलंकार म्हणून आपलेसे करण्याची वृत्ती मात्र समान दिसते.

निष्कर्ष :

१) महाराष्ट्रातील प्राचीन अलंकारांचा इतिहास प्रामुख्याने सोन्याबाहेरील साधनांवर उभा आहे.

२) जुन्या घाटाचे दागिने नव्याने घडविताना कल्पनेपेक्षा या साधनांचा आधार घेणे इष्ट ठरेल.

३) मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडांची पांढरी माती शेतात वा बांधकामासाठी नेण्याची प्रथा आहे. तिच्यासोबत मणी व बांगड्यांचे तुकडेही जातात आणि कोणत्या थरात काय होते, ही माहिती कायमची नष्ट होते. सोने आटविल्यामुळे एक पुरावा आधीच गमावला आहे. मातीतील पुरावाही गमावल्यास या इतिहासाला दुसरे साधन फारसे उरणार नाही. म्हणून परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी अशा टेकाडांची नोंद करून ती पुरातत्त्व विभागास कळविणे अगत्याचे आहे.