ऑर्व्हिएतोचा खडक

रोमची यात्रा करून परतणारे आपले भाविक संत पेत्राच्या महामंदिराविषयी भरभरून बोलतात. असिसी, फ्लॉरेन्स आणि पादुआ ही नावेही त्यांच्या तोंडी असतात. ऑर्व्हिएतोचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. वास्तविक रोमच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, उम्ब्रिया प्रांतात असलेल्या या छोट्या नगराचा आपल्या प्रत्येक धर्मग्रामाशी जवळचा संबंध आहे. ख्रिस्तशरीराचा सण अखिल ख्रिस्तसभेने पाळावा, ही आज्ञा येथूनच निघाली.

शनिवार-रविवारची निवांत सवड काढून जावे, असे हे ठिकाण आहे. रेल्वेस्थानक दरीत आहे आणि नगर ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाच्या सपाट माथ्यावर. खडकाच्या कडा भिंतीसारख्या उभ्या आहेत. स्थानकासमोरून तारेने ओढली जाणारी गाडी काही मिनिटांत माथ्यावर पोहोचवते. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे. आता ती विजेवर चालते. पायाखालचा खडक आतून पोखरलेला आहे. विहिरी, तळघरे, कबुतरखाने अशी १,२०० हून अधिक विवरे तेथे मोजली गेली आहेत.

ही खोदाई एत्रुस्कन लोकांनी आरंभली. त्यांचे व्होल्सिनी नावाचे संपन्न नगर याच खडकावर होते, असे बहुतेक संशोधक मानतात. इ. स. पूर्व २६४ मध्ये रोमन सैन्याने ते उद्ध्वस्त केले आणि उरलेल्या रहिवाशांना जवळच्या बोल्सेना सरोवराच्या काठी वसविले. पुढे दीड हजार वर्षांनी त्याच बोल्सेनाहून एक वस्त्र या खडकावर आले आणि नगराचे भाग्य पालटले.

परंपरा अशी सांगते : १२६३ साली प्रागचा पेत्र नावाचा एक धर्मगुरू रोमच्या यात्रेस निघाला होता. पवित्र भाकरीत ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो काय, या शंकेने त्याचे मन व्याकुळ झाले होते. बोल्सेना येथे संत ख्रिस्तिनाच्या मंदिरात मिस्सा अर्पण करीत असता त्याच्या हातातील भाकरीतून रक्ताचे थेंब वेदीवरील वस्त्रावर पडले. त्या वेळी पोप चौथे अर्बन ऑर्व्हिएतो येथे राहत होते. ते वस्त्र त्यांच्याकडे आणण्यात आले. ११ ऑगस्ट १२६४ रोजी पोपमहाशयांनी सणाचे आज्ञापत्र काढले.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला क्षणभर थांबावे लागते. त्या आज्ञापत्रात बोल्सेनाच्या घटनेचा उल्लेख नाही. ती घटना सांगणारी भित्तिचित्रे आणि वस्त्रासाठी घडविलेली चांदीची मंजुषा ही चौदाव्या शतकातील आहेत. मग सणाची प्रेरणा कोठून आली? त्यासाठी आजच्या बेल्जियममधील लिएज नगराकडे वळावे लागते.

तेथील जुलियाना नावाच्या मठवासी भगिनीला तरुणपणी वारंवार एक दर्शन घडे : पूर्ण चंद्र, पण त्यावर एक काळी रेघ. ख्रिस्तसभेच्या वर्षात पवित्र साक्रामेंताच्या गौरवाचा एक सण उणा आहे, असा त्याचा अर्थ तिला उमगला. अनेक वर्षे तिने हे मनातच ठेवले. १२४६ साली लिएजच्या बिशपांनी आपल्या धर्मप्रांतापुरता हा सण सुरू केला. पण लवकरच ते निवर्तले. जुलियानाला विरोधामुळे मठ सोडावा लागला आणि १२५८ साली परक्या ठिकाणीच तिने देह ठेवला. ज्यांच्याशी तिच्या इच्छेविषयी विचारविनिमय झाला होता, त्यांत लिएजचे तेव्हाचे एक आर्चडीकन होते. तेच पुढे पोप चौथे अर्बन झाले! आज्ञापत्र निघाल्यावर त्यांनी जुलियानाची सखी एव्ह हिला आवर्जून पत्र लिहिले.

सणाची उपासना रचण्याचे काम, परंपरेनुसार, संत थॉमस अक्वायनस यांच्याकडे आले. ते त्या काळात ऑर्व्हिएतोच्या डॉमिनिकन मठात अध्यापन करीत होते. ‘तांतुम एर्गो’ ही आपल्या वडीलधाऱ्यांना पाठ असलेली कडवी त्यांच्याच स्तोत्रातील होत. पण ऑक्टोबर १२६४ मध्ये पोप अर्बन निवर्तले आणि आज्ञापत्र बहुतांशी कागदावरच राहिले. सुमारे पन्नास वर्षांनी व्हिएन येथील धर्मपरिषदेने त्याला पुन्हा बळ दिले, आणि १३१७ नंतर सण सर्वत्र रुजला.

या साऱ्याची साक्ष ऑर्व्हिएतोचे कॅथेड्रल देते. १२९० साली पोप चौथे निकोलस यांनी त्याची कोनशिला बसविली. पांढऱ्या व काळ्या दगडांच्या आडव्या पट्ट्यांच्या त्याच्या भिंती दुरूनही लक्ष वेधतात. दर्शनी भागावर लोरेंझो माइतानी या शिल्पकाराच्या काळात कोरलेली, उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतची शिल्पे आहेत. आत एका बाजूच्या चॅपेलमध्ये ते वस्त्र जपले आहे. समोरच्या चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगविलेली अंतिम न्यायाची चित्रे आहेत.

रविवारी मिस्सेनंतर संत पॅट्रिकची विहीर अवश्य पाहावी. १५२७ साली रोमची लूट झाल्यावर पोप सातवे क्लेमंट वेषांतर करून या खडकावर आश्रयाला आले. वेढा पडल्यास पाणी असावे म्हणून त्यांनी ती खोदविली. तिच्यात एकमेकांभोवती फिरणारे दोन जिने असून प्रत्येकाला २४८ पायऱ्या आहेत. एकाने खेचरे उतरत, दुसऱ्याने पाणी घेऊन चढत; वाटेत त्यांची गाठ पडत नसे. विहीर पुरी झाली १५३७ साली. तोवर खोदविणारे पोपमहाशय हयात नव्हते.

वस्त्राची परंपरा आणि जुलियानाचा इतिहास यांत एकाची निवड करण्याचे आपल्याला कारण नाही. परंपरेतल्या धर्मगुरूची शंका लपविलेली नाही आणि इतिहासातल्या भगिनीचा पराभवही लपत नाही. जिने सणाची इच्छा धरली तिला आज्ञापत्र दिसले नाही. ज्यांनी आज्ञा दिली त्यांना सणाचा प्रसार दिसला नाही. जूनच्या पहिल्या सरी अंगावर घेत आपण पवित्र साक्रामेंतामागून मिरवणुकीने चालतो, तेव्हा त्या दोघांनी न पाहिलेलेच आपण पाहत असतो.