बहुधा

कर्वेनगरातला जुना बंगला ज्यांनी बिल्डरच्या ताब्यात दिलाय, त्यांना माळ्यावरून काय काय निघतं हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे परवा एक पितळी झाकण निघालं. नुसतं झाकण, डब्याचा पत्ता नाही. त्यावर ठोकून घातलेलं नाव पार घासून गेलंय. 'सौ.' आणि पुढचं एक अक्षर तेवढं लागतं.

"अरे, आजीचंच ते," आत्या म्हणाली. अक्षर आजीच्या नावाचं आहे खरं. पण आजीच्या थोरल्या जावेचं नावही त्याच अक्षरावरून होतं. मी तसं म्हटल्यावर आत्या वैतागली. "आजीचं म्हटलंस तर तुझं काय जातंय?"

काय जातंय हे मला पटकन सांगता आलं नाही. पण जुन्या गोव्यातलं एक झाकण आठवलं. आज त्याचीच गोष्ट.

जुन्या गोव्यात बॉम जीझस बघून बहुतेक जण परत फिरतात. तिथून चढावर, मोंते सांतो म्हणजे 'पवित्र टेकडी'वर गेलं की जांभ्या दगडाचा एक अर्धा मनोरा दिसतो. उंची ४६ मीटर. सेंट ऑगस्टीनच्या चर्चचं उभं राहिलेलं एवढंच. हे चर्च १६०२ मध्ये पुरं झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले मठ बंद केले, साधू गेले, आणि १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. घंटा मात्र वाचली. पणजीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पांढऱ्या चर्चमध्ये आहे ना, तीच ती!

या ढिगाऱ्यात जॉर्जियाची माणसं एक हाड शोधत होती. राणी केतेवानच्या उजव्या हाताचं.

केतेवान ही पूर्व जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी. नवरा वारलेला, गादीवर मुलगा तैमुराझ. त्याच्या वतीने ती इराणच्या पहिल्या शाह अब्बासाकडे बोलणी करायला गेली आणि अडकली ती कायमचीच. शिराझमध्ये दहाएक वर्षं कैदेत काढली. धर्म बदल, असा शाहचा हुकूम होता. ती बधली नाही. सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या सांडशांनी हाल करून तिला मारलं. शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन पंथाचे पोर्तुगीज साधू होते. त्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले. काही जॉर्जियात तिच्या मुलाकडे पोचवले आणि उजव्या हाताचं हाड १६२७ मध्ये गोव्याला आपल्या मठात आणलं.

ते कुठे ठेवलं हे पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेलं होतं: मठाच्या चॅप्टर चॅपेलमध्ये, म्हणजे साधूंच्या सभेच्या प्रार्थनाघरात, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत. आता पत्ता इतका नेमका असल्यावर अडचण काय? अडचण अशी की छप्पर पडल्यावर खिडकी कुठली आणि भिंत कुठली हेच कळत नव्हतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जॉर्जियाची पथकं येत होती आणि रिकाम्या हाताने परत जात होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तिथला राडारोडा उपसत होतं.

हा शोध संपत आला मे २००४ मध्ये. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे निझामुद्दीन ताहेर आणि त्यांचे सहकारी, आणि पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ सिध लोसा मेंदिरट्टा यांनी कागदांतलं वर्णन आणि जमिनीवरचे पाये जुळवत चॅपेल नक्की केलं, खिडकी नक्की केली. तिथे पेटी नव्हती! पेटीचं दगडी झाकण होतं, आणि जवळच हाडांचे तुकडे.

इथे कुणीही नाचलं असतं. जागा जुळली, झाकण जुळलं, हाड मिळालं, बोलवा वर्तमानपत्रवाल्यांना! पण विचार करा. अख्ख्या चर्चच्या फरशीत थडगी आहेत. अशा ठिकाणी हाड मिळणं यात विशेष काय? झाकणावरून पेटीची जागा कळते, आत कोण होतं ते कळत नाही.

म्हणून हाड हैदराबादला सीसीएमबीत गेलं. के. थंगराज यांच्या पथकाने त्यातला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला. हा डीएनए फक्त आईकडून येतो. आई, आजी, पणजी असा मागे मागे जाता येतो. त्यात 'यू१बी' नावाचा गट सापडला. तो भारतात आढळत नाही, जॉर्जिया आणि आसपास आढळतो. शोधनिबंध २०१४ मध्ये 'मायटोकॉन्ड्रिऑन' या नियतकालिकात छापून आला. खोदाईनंतर दहा वर्षांनी.

त्या निबंधाच्या शीर्षकातच एक शब्द आहे, बहुधा. पश्चिम भारतात सापडलेला अवशेष बहुधा जॉर्जियन राणी केतेवानचा आहे, असं. कागद, खिडकी, झाकण, डीएनए, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय आणि तरी ही माणसं 'बहुधा' म्हणतात. कारण राणीचा सख्खा, खात्रीचा दुसरा नमुना ताडून बघायला हाताशी नव्हता.

मला आधी वाटलं होतं, या एका शब्दाने सगळ्यावर पाणी पडेल. तसं काही झालं नाही. अवशेष २०१७ मध्ये जॉर्जियात दर्शनासाठी नेले, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाला कायमचा दिला. तिथल्या लोकांची श्रद्धा त्या 'बहुधा'ने कमी झाली नाही. उलट मला वाटतं, ज्यांनी सांगितलं ते उगाच सांगणारे नव्हते म्हणूनच त्यावर विसंबता आलं.

तर आत्या, (तू वाचतेस हे माहीत आहे मला :-)) माझं काय जातं ते असं. आज मी ठोकून 'आजीचं' म्हटलं, की उद्या पोरं तेच पुढे सांगणार. मग थोरल्या आजीचं या घरात जे एखादं भांडं उरलं असेल, तेही तिच्या नावावर राहायचं नाही. तिला मूलबाळ नव्हतं. तिच्या वतीने भांडायला कोण येणार?

झाकण घासलेलं नाही, मुद्दामच. कागदात गुंडाळून वर लिहिलंय: 'कर्वेनगर, स्वयंपाकघरावरचा माळा. डबा नाही. बहुधा आजीचं.' नागपूर, ठाणे, न्यू जर्सीवाल्या मंडळींनी आपापले माळे बघावेत. बिनझाकणाचा पितळी डबा असेल तर तोंडाचं माप कळवा. आपलं झाकण साडेपाच इंच आहे.