वांद्र्याचा मुलगा, पोपचा वकील

पेशवाईतली कागदपत्रं वाचताना 'वकील' हा शब्द पानोपानी भेटतो. काळा कोट घालून कोर्टात उभा राहणारा वकील तो हा नव्हे. परदरबारी मुक्काम ठोकायचा, आपल्या धन्याची बाजू मांडायची, तिथली बित्तंबातमी लिहून पाठवायची आणि दोन्हीकडचे रागलोभ पोटात घालायचे, असा हा माणूस. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते आयुष्यातली तीस वर्षं असेच वकील होते. त्यांचा धनी मात्र राजा नव्हता की पंतप्रधानही नव्हता. कार्डिनल आयव्हन डायस हे पोपचे वकील होते.

पोपला वकील कशाला लागतो, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारतात. व्हॅटिकन हे राष्ट्र आहे केवढं? सगळं मिळून चव्वेचाळीस हेक्टर. आपल्या शिवाजी पार्कसारखी चार मैदानं शेजारी शेजारी मांडली की झालं. पण खरी गोम अशी की पोपचे वकील या चार मैदानांच्या वतीने जातच नाहीत. ते जातात 'होली सी'च्या, म्हणजे पोपच्या धर्मपीठाच्या वतीने. १८७० साली इटलीने रोम घेतलं आणि पोपच्या हाती राज्य म्हणून काही उरलं नाही. १९२९ च्या करारापर्यंत हीच स्थिती होती. तरी त्या एकोणसाठ वर्षांत परदेशांचे राजदूत पोपकडे येतच होते आणि पोपचे वकील बाहेर जातच होते. जमीन नाही, फौज नाही, तरीही दरबारात मान आहे, असा हा जगावेगळा मामला आहे.

पोपच्या राजदूताला 'नन्सिओ' म्हणतात. त्याला दोन कामं असतात आणि ती एकमेकांच्या पायात येतात. एक, त्या देशाच्या सरकारशी संबंध राखणं. दुसरं, त्या देशातल्या चर्चवर लक्ष ठेवणं. बिशपची जागा रिकामी झाली की गुपचूप चौकशी करून तीन नावांची यादी रोमला धाडतो तो नन्सिओच. आता सरकार चर्चवर उठलेलं असेल, तर या माणसाने काय करायचं? सरकारशी गोड बोलायचं, की तुरुंगात पडलेल्या आपल्या माणसांसाठी ओरडायचं? डायस यांच्या आयुष्यात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणूनच मला ते इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटतात.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १९३६ चा, वांद्र्याचा. घराणं मूळचं गोव्याचं. वडील मुंबई सरकारच्या गृहखात्यात अंडर सेक्रेटरी होते. १९५३ साली ते वारले. एक भाऊ पुढे भारतीय लष्करात लेफ्टनंट जनरल झाला. शिक्षण जेझुइट फादरांच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत. मुंबईचं चर्च तेव्हा एका वळणावर होतं. पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यातल्या जुन्या भांडणाचा निकाल म्हणून मुंबईच्या आर्चबिशपच्या गादीवर एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश माणूस बसवायचा, असा करार १९२८ साली झाला होता. मुंबईच्या माणसांना त्यात कुणी विचारलं नव्हतं, हे सांगायलाच नको. ही पाळी १९५० साली संपली आणि व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले; १९५३ साली ते भारताचे पहिले कार्डिनलही झाले. आयव्हन तेव्हा शाळकरी मुलगा होता.

८ डिसेंबर १९५८ ला ते धर्मगुरू झाले आणि तीन वर्षांनी रोमला गेले. रोममध्ये पोपचे वकील तयार करणारी एक खास शाळा आहे. १७०१ साली ती उमरावांच्या घरातल्या मुलांसाठी काढली होती. लिओ तेरावे, बेनेडिक्ट पंधरावे, सहावे पॉल हे पोप याच शाळेत शिकले. तिथे तीन वर्षं काढून आणि चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट मिळवून १९६४ साली डायस बाहेर पडले, ते थेट मुंबईच्याच कामावर. त्या वर्षीच्या डिसेंबरात पोप सहावे पॉल युखॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. शस्त्रांवरचा खर्च कमी करून तो पैसा गरीब देशांसाठी एका जागतिक निधीत घालावा, असं आवाहन त्यांनी मुंबईतूनच जगाला केलं. त्या दौऱ्याच्या तयारीला रोमच्या कार्यालयात हा अठ्ठावीस वर्षांचा मुंबईकर होता.

पुढची आठ-नऊ वर्षं स्कॅन्डिनेव्हिया, इंडोनेशिया आणि मादागास्कर इथल्या वकिलातींत गेली. कनिष्ठ अधिकाऱ्याच्या त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. त्यांना सोळा-सतरा भाषा येत, असं पुढे वर्तमानपत्रांनी लिहिलं. तो आकडा नेमका किती ते राहू द्या, पण जिथे जाईल तिथली भाषा शिकण्याची सवय याच काळातली.

१९७३ साली त्यांना रोमला बोलावून घेतलं आणि सोव्हिएत संघ, बाल्टिक देश, पोलंड, बल्गेरिया, चीन, व्हिएतनाम यांचं टेबल त्यांच्याकडे दिलं. सोबत आफ्रिकेतले कितीतरी देश. 'टेबल' हा शब्द आपल्या सरकारी कचेऱ्यांतला, पण इथे चपखल बसतो. वरिष्ठ होते आगोस्तिनो कासारोली. कम्युनिस्ट राजवटींशी उघड भांडण न करता, थोडं देऊन थोडं घेऊन, निदान बिशप नेमता यावेत, निदान पूजा चालू राहावी, असं त्यांचं धोरण होतं. त्याची किंमतही पडली. हंगेरीचे कार्डिनल माइंडसेंटी कम्युनिस्टांपुढे वाकले नव्हते. १९७४ साली पोपनेच त्यांचं आर्चबिशपपद रिकामं झाल्याचं जाहीर केलं. कारागृह भोगलेल्या माणसांना हे जिव्हारी लागलं. मला विचाराल तर माइंडसेंटींच्या बाबतीत रोमचं चुकलं. पण एकंदर धोरणाबद्दल इतकं ठाम बोलता येत नाही. बिशपच नसेल तर नवे धर्मगुरू कोण घडवणार, हा कासारोलींचा सवाल खोटा नव्हता.

१९८२ साली डायस यांना घाना, टोगो आणि बेनिन या तीन देशांसाठी पोपचे प्रतिनिधी नेमलं. १९ जूनला सेंट पीटर्समध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा दिली ती कासारोलींनीच. घानात रॉलिंग्ज यांनी नुकतीच सत्ता बळकावली होती, बेनिनमध्ये मार्क्सवादी सरकार होतं, टोगोत लष्करशहा. तिथून १९८७ साली दक्षिण कोरिया. त्याच जूनमध्ये सोलच्या रस्त्यांवर लोकशाहीसाठी लाखो लोक उतरले होते आणि निदर्शकांना आसरा मिळाला होता म्योंगडोंगच्या कॅथीड्रलात. १९८९ साली सोलला युखॅरिस्टिक काँग्रेस भरली. मुंबईच्या काँग्रेसची तयारी केलेला माणूस पंचवीस वर्षांनी तिथे पोपचा राजदूत होता.

मग १९९१ साली अल्बानिया. इथे मला जरा थांबायचं आहे.

अल्बानिया हा युरोपातला छोटा, गरीब देश. बहुसंख्य मुसलमान, दक्षिणेत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, उत्तरेत श्कोडर शहराच्या आसपास कॅथलिक. १९४५ साली तिथल्या नव्या कम्युनिस्ट सरकारने पोपच्या प्रतिनिधीला बाहेर काढलं. १९६७ साली एन्वर होजा यांनी सगळ्याच धर्मांवर बंदी घातली. मशिदी, चर्च, मठ मिळून २,१६९ वास्तू बंद झाल्याचा आकडा दिला जातो. श्कोडरच्या कॅथीड्रलचं क्रीडागृह झालं. १९७६ च्या राज्यघटनेत तर राज्य कोणताही धर्म मानत नाही, असं कलमच घातलं. घरात क्रूस सापडला तरी शिक्षा व्हायची. श्टयेफेन कुर्ती नावाच्या धर्मगुरूने छावणीत असताना एका बाळाला बाप्तिस्मा दिला, म्हणून सत्तरीच्या सुरुवातीला त्यांना गोळ्या घातल्या. कासारोलींची देवघेव इथे चाललीच नाही. देवघेवीला समोर कुणी बसायला तयार असावं लागतं.

याच अल्बानियन वंशाच्या एक बाई आपल्या कोलकात्यात होत्या. मदर तेरेसांची आई आणि बहीण तिरानात राहत. त्यांना भेटायला मदरनी अनेकदा परवानगी मागितली आणि ती नाकारली गेली. आई १९७२ ला गेली, बहीण १९७३ ला. मदरना अल्बानियात जाता आलं ते थेट १९८९ साली, त्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायला. दोन वर्षांनी त्याच शहरात पोपचा राजदूत म्हणून मुंबईचा माणूस आला. अल्बानियाने भारताला एक माणूस दिलं होतं, भारताने एक पाठवलं. हा हिशेब कुणी मुद्दाम जुळवलेला नव्हता.

डायस पोचले तेव्हा राजवट ढासळली होती आणि देशही. त्याच ऑगस्टमध्ये व्लोरा नावाच्या एका जहाजावर वीसेक हजार अल्बानियन चढून इटलीला पळाले होते. चर्च म्हणावं तर इमारती पडलेल्या, नोंदवह्या नाहीत, एकही धर्मप्रांत धड चालू नाही. माणसं म्हणजे तुरुंगातून आणि श्रमछावण्यांतून सुटलेले, बहुतेक म्हातारे झालेले थोडे धर्मगुरू. नन्सिओची ती दोन कामं एरवी एकमेकांच्या पायात येतात म्हणालो. इथे दुसऱ्याने पहिल्याला गिळलं. दक्षिण अल्बानियात बिशप नव्हता, म्हणून तिथला कारभारही डायस यांच्याचकडे आला. राजदूत आणि पडझड झालेल्या धर्मप्रांताचा कारभारी, दोन्ही एकच. ऑर्थोडॉक्स चर्च उभारायला त्याच सुमारास ग्रीसहून अनास्तासिओस नावाचे धर्मपंडित आले होते. दोन परके देशात मोडलेली दोन घरं सावरत होते.

२५ एप्रिल १९९३ ला पोप जॉन पॉल दुसरे एका दिवसासाठी अल्बानियात आले. मदर तेरेसाही होत्या. क्रीडागृह बनवलेल्या श्कोडरच्या त्याच कॅथीड्रलात पोपनी चार बिशपांना दीक्षा दिली. त्यांतले फ्रानो इलिया यांना १९६८ साली फाशीची शिक्षा झाली होती. ती पुढे कमी होऊन वीस वर्षं त्यांनी तुरुंगात काढली होती. झेफ सिमोनी यांनीही तुरुंग भोगला होता. रोमच्या ग्रंथालयात घडलेले तरुण, तरतरीत पंडित बाहेरून आणता आले असते. चौघांपैकी एक, रोक मिर्दिता, न्यूयॉर्कहून आलेही. पण गादीवर मुख्यतः बसले ते भोगलेले लोक. पुढच्या वर्षी ब्याण्णव वर्षांच्या मिकेल कोलिची यांना कार्डिनल केलं. त्यांची कित्येक दशकं तुरुंगात आणि छावण्यांत गेली होती. या निवडी अखेर पोपच्या, पण देशातून रोमला माहिती पोचवायची वाट नन्सिओच्या दारातूनच जाते. डायस यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम मी यालाच मानतो.

नोव्हेंबर १९९६ मध्ये त्यांना मुंबईचे आर्चबिशप नेमलं. १३ मार्च १९९७ ला त्यांनी सूत्रं हाती घेतली. त्याच आठवड्यांत अल्बानियात ठेवींच्या बोगस योजना कोसळून लोक शस्त्रागारं लुटत होते. इकडे मुंबईत प्रश्न वेगळे होते. छत्तीस वर्षं घराबाहेर राहिलेला माणूस परतला की घर त्याला ओळखतं का? ते शिस्तीचे आणि धर्मसिद्धान्ताच्या बाबतीत कडक होते. २००० साली रोमने 'दोमिनुस येसुस' हे पत्रक काढलं. येशू हाच एकमेव तारणारा, यावर त्यात भर होता. इतर धर्मांबरोबर राहणाऱ्या भारतातल्या अनेक ख्रिस्ती विचारवंतांना तो सूर रुचला नाही. डायस मात्र रोमच्या बाजूने उभे राहिले. अल्बानियाच्या मुसलमान सरकारी अधिकाऱ्यांशी पाच वर्षं सामोपचाराने वागलेला माणूस सिद्धान्तात इतका ताठ कसा, असं अनेकांना वाटे. मला त्यात विसंगती दिसत नाही. वकिलाची मवाळी ही वागण्यात असते. धन्याच्या दाव्यात तो एक अक्षर सोडत नाही.

मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट त्यांच्या काळात झाली. १९९८ साली मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा धर्मप्रांत झाला आणि वसईचेच थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेल्या या भागातल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांना स्वतःचं कॅथीड्रल मिळालं.

२००१ साली ते कार्डिनल झाले. २००५ च्या पोप निवडणुकीत संभाव्य पोप म्हणून जगभरच्या पत्रांत त्यांचं नाव झळकलं. निवडून आले रात्झिंगर, म्हणजे बेनेडिक्ट सोळावे. त्यांनी पुढच्याच वर्षी डायस यांना रोमला नेऊन धर्मप्रसार खात्याचं प्रमुख केलं. १६२२ साली स्थापन झालेल्या या खात्याकडे तेव्हा आशिया-आफ्रिकेतले हजाराहून अधिक धर्मप्रांत येत, म्हणून त्याच्या प्रमुखाला रोममध्ये गमतीने 'तांबडे पोप' म्हणत. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. २००८ साली कँटरबरीला अँग्लिकन बिशपांपुढे बोलताना त्यांनी परंपरा विसरणाऱ्या चर्चला अल्झायमरची आणि जो तो मनाला येईल तसं वागू लागलेल्या चर्चला पार्किन्सनची उपमा दिली. यजमानांच्या घरी जाऊन हे बोलणं मुत्सद्द्याला शोभलं का, याची चर्चा झाली. माझ्या मते ते तेव्हा वकिलीतून निवृत्त झालेच होते.

२०११ साली ते पदावरून उतरले, २०१३ च्या निवडणुकीत पोप फ्रान्सिस निवडले गेले तेव्हा मतदानाला होते आणि १९ जून २०१७ ला रोममध्ये वारले. बिशपपदाच्या दीक्षेला त्या दिवशी बरोबर पस्तीस वर्षं झाली होती. त्याच्या सात-आठ महिने आधी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, श्कोडरच्या कॅथीड्रलपुढे अल्बानियातल्या अडतीस हुतात्म्यांना 'धन्य' म्हणून घोषित केलं गेलं. त्या यादीत बाळाला बाप्तिस्मा देणारे कुर्तीही होते.