दोन शहरं, एक नळ

हट्ट्याहून 'मोठ्या कामाला' निघालेला माणूस बहुतेकदा एकाच गावी जातो. हायकोर्टाचं खंडपीठ तिथं, विभागीय आयुक्त तिथं. ते गाव म्हणजे औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. पण ही खरं तर दोन शहरं आहेत!

पहिलं मलिक अंबरचं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकी गावी राजधानी वसवली. पुढं औरंगजेबानं नाव बदललं, १६८२ मध्ये तटबंदी बांधली. इथली वस्ती पुऱ्यांची. मिर्झाराजे जयसिंगांचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या करणसिंगांचा करणपुरा. पत्ता म्हणजे माणसाचं नाव!

दुसरं शहर सिडकोचं, १९७० च्या दशकातलं. इथं एन-वन, एन-टू, एन-थ्री... आम्हा प्रोग्रामरांना व्हेरिएबलची अशी नावं दिली की सीनियर ओरडतो. पण रस्ते रुंद, प्लॉट आखीव. भूमध्य समुद्राकाठच्या ट्युनिसमध्ये फ्रेंचांनीही जुन्या मदिनेला खेटून असंच सरळ रेषांचं नवं शहर उभारलं होतं.

आता खरी गंमत पाण्यात आहे. अंबरनं डोंगरातलं भूजल जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार! मधूनमधून उंच बंब, म्हणजे नळातला दाब आणि हवा सांभाळायची सोय. नव्या शहराचं पाणी मात्र पैठणच्या जायकवाडीहून येतं. धरण शहरापेक्षा खाली, म्हणजे प्रत्येक थेंब पंपानं वर चढवायचा. वीज गेली की नळ कोरडा.

नहर लाखो लोकांना पुरली असती असं नाही हं. अंबरच्या काळचा हिशेब वेगळा, आजचा वेगळा. पण बांधकामांच्या खोदाईत नहरी फुटल्या, बंब ढासळले, आणि २०२२ साली त्याच शहरात पाण्यासाठी मोर्चा निघाला. आमच्या भाषेत सांगायचं तर, नवीन सिस्टीम नीट चालायच्या आधीच जुना बॅकअप डिलीट केला.

नावावरून आपण पुष्कळ भांडलो. उरलेल्या नहरीसाठी कोण भांडणार? असो. पुढच्या वेळी तिकडं गेलात, तर दरवाज्यांबरोबर एखादा बंबही बघून या.