ओले फडके आणि टाकीचे झाकण

आदिलाबाद जिल्ह्यातील जुन्या मराठी घराण्यांत मोटारगाडीच्या आठवणी निघाल्या की ओले फडके हमखास येते. वैशाखातील दुपार, निर्मळच्या अलीकडचा महबूब घाट, मध्येच बंद पडलेली गाडी, उघडलेले बॉनेट आणि इंजिनवरील पंपावर घातलेले भिजवलेले फडके. अर्ध्या तासाने गाडी सुरू होते आणि श्रेय फडक्याला जाते. या आठवणीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले, तर तिच्यात आपला उन्हाळा आहे तशीच आपली एक चूकही आहे, असे माझे मत झाले आहे.

आपल्या भागात यांत्रिक वाहतूक रुजली ती निजामी अमदानीत. निजाम स्टेट रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्तावाहतूक सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा देशभर बसगाड्यांच्या पाठीशी कोळशाच्या भट्ट्या बसवून त्यांच्या वायूवर इंजिने चालवण्यात आली. त्या काळी गाडी अडली तर कारण उघड असे : इंधनच नव्हते, किंवा होते ते दुबळे होते. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. आपण येथेच राहिलो. सोयरीक मात्र दोन्हीकडे राहिली, आणि लग्नकार्याला, माहूरच्या दर्शनाला, नागपूरच्या दवाखान्याला जाण्यासाठी ज्यांना परवडे त्यांनी गाड्या घेतल्या. त्यांत अँबेसेडर आणि फियाट या दोन प्रमुख.

या दोन्ही गाड्यांत टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनाला चिकटलेला. इंजिनातील कॅमशाफ्ट पंपाची दांडी हलवते, आतील रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, खालीवर होतो आणि मागून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे ढकलतो. पेट्रोलातील हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. शिवाय पंप ओढतो तेव्हा नळीतील दाब उतरतो आणि उकळणे आणखी सोपे होते. आदिलाबादेत बाहेरचाच पारा ४५ च्या घरात जातो, मग घाट चढताना बॉनेटखाली काय होत असेल ते सांगायला नको. नळीत वाफ झाली की पंप वाफच चघळत बसतो. यालाच आपले मिस्त्री ‘गाडीने एअर धरली’ म्हणत. पंप थंड केला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. फडक्याचा उपाय म्हणून खोटा नव्हता.

परंतु हीच लक्षणे दुसऱ्या एका दोषातही दिसतात. टाकीतून पेट्रोल जाते तितकी हवा आत यावी लागते, आणि जुन्या गाड्यांत ती झाकणाच्या बारीक छिद्रातून येते. ते धुळीने बुजले, तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी काही मैल नीट चालून गचके खाते व थांबते. थोड्या वेळाने हवा कुठून तरी झिरपते आणि गाडी पुन्हा सुरू होते. या खेपेस गाडी सुरू करतो तो गेलेला वेळ, आणि नाव होते फडक्याचे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल भडकले, तेव्हा टाकीतून पेट्रोल चोरीस जाईल या धास्तीने आमच्या घरच्या अँबेसेडरला कुलपाचे झाकण बसवण्यात आले. त्या उन्हाळ्यात गाडी घाटात तीनदा थांबली. पंप बदलला, तरीही थांबली. मग संशय ड्रायव्हरवर आला. पेट्रोल विकून टाकीत घासलेट ओततो, असे घरात ठरले, कारण स्वस्त घासलेटाची भेसळ तेव्हा सर्वतोमुखी होती. त्यास कामावरून काढले. नव्या ड्रायव्हरच्या हातीही गाडी थांबलीच. अखेर आदिलाबादच्या एका मिस्त्रीने ती बंद पडताच कुलूप उघडले, तेव्हा हवा सुस्कारा टाकून आत शिरली आणि गाडी लगेच सुरू झाली. बाजारातून आणलेल्या त्या झाकणाला छिद्रच नव्हते.

आज मला खटकते ते वेगळेच. घासलेट पेट्रोलाहून जड, सहजासहजी न उकळणारे. ते मिसळले असते तर धूर झाला असता, इंजिन ठोकले असते, सकाळी थंड गाडी सुरू व्हायला कुरकुरली असती. धावती गाडी थांबून अर्ध्या तासाने गुमान चालू लागली नसती. म्हणजे ड्रायव्हरचे निर्दोषत्व आमच्या डोळ्यांसमोर घाटात तीनदा सिद्ध झाले होते. वाचता कोणाला आले नाही. तो पुढे ट्रकवर लागला, इतकेच कानावर आले. त्याला परत बोलावण्याची भाषा झाली, पण निरोप गेला नाही.

अँबेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आमची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये आहे आणि सणावारी निघते. अलीकडे ती पुन्हा अडू लागली, तेव्हा फडक्याची आठवण आधी निघाली. पंपाची नळी सुटी करून इंजिन फिरवले, तर पेट्रोलची धार जेमतेम. पंप उघडला. डायफ्रॅम फुगून मऊ पडला होता. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते, जुन्या रबराला सोसत नाही आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज सोडवून गाळणीत आणते. नवा डायफ्रॅम बसला, गाळणी धुतली. मिस्त्री तरुण होता. इंजिन बंद करण्यापूर्वी त्याने मागे जाऊन टाकीचे झाकण काढले आणि कान लावला. मी त्याला तसे सांगितले नव्हते.