रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा

रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा हा वाल्मीकी रामायणावर आधारित, भारत व जपान येथील कलावंतांच्या सहयोगातून १९९२ साली पूर्ण झालेला ॲनिमेशनपट आहे. ‘ॲनिमे’ या जपानी शैलीतील या चित्रपटाचे दिग्दर्शन युगो साको, कोइची सासाकी आणि मुंबईस्थित ॲनिमेशनकार राम मोहन यांनी केले. संगीत वनराज भाटिया यांचे आहे.

निर्मिती

पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावरील माहितीपटाच्या निमित्ताने साको १९८३ मध्ये भारतात आले आणि रामकथेकडे आकृष्ट झाले. रामाचे देवत्व नटापेक्षा चित्रांतून अधिक समर्थपणे व्यक्त होईल, अशी त्यांची धारणा होती. परकीयाने रामायणाचे ‘कार्टून’ करण्यास विश्व हिंदू परिषदेने आक्षेप घेतला. भारत सरकारनेही सहनिर्मितीस नकार दिल्याने चित्रांकन मुख्यतः जपानमध्ये झाले. धोतराच्या निऱ्या, नमस्काराची रीत यांसारखे तपशील जपानी चित्रकारांना अपरिचित होते. त्याबाबत राम मोहन व अन्य भारतीय कलावंतांनी मार्गदर्शन केले.

प्रदर्शन व प्रतिसाद

जानेवारी १९९३ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, नवी दिल्ली येथे, हा चित्रपट दाखविण्यात आला. बाबरी मशीद पाडल्यानंतरच्या तणावपूर्ण काळात त्यास भारतात व्यापक प्रदर्शन लाभले नाही. हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांनी, तर रावणाला अमरीश पुरी यांनी आवाज दिला. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणांमुळे तो पुढे बालप्रेक्षकांत लोकप्रिय झाला. २४ जानेवारी २०२५ रोजी त्याची नवसंस्कारित आवृत्ती भारतीय चित्रपटगृहांत प्रदर्शित झाली.