निकोटिन च्युइंगगमचा जन्म

धूम्रपान सोडणाऱ्याची तलफ भागवण्यासाठी निकोटिनच औषध म्हणून वापरण्याची कल्पना स्वीडनमध्ये रुजली. पाणबुडीत सिगारेट ओढण्यास मनाई असल्याने नौसैनिक तोंडात तंबाखू धरत आणि त्यावर त्यांचे निभावून जाई, हे लुंड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लास लुंडग्रेन यांच्या लक्षात आले. 1967 मध्ये त्यांनी हेल्सिंगबोर्ग येथील लिओ या औषध कंपनीतील संशोधक ओव्हे फेर्नो यांना तंबाखूऐवजी शुद्ध निकोटिन देण्याची सूचना केली.

अडचणी दोन होत्या. गिळलेल्या निकोटिनचा बराचसा भाग यकृतातच नष्ट होतो. म्हणून ते तोंडाच्या अस्तरातून शोषले जाणे आवश्यक होते. त्यासाठी च्युइंगगम सोयीचे होते, पण साध्या गममधून निकोटिन चघळताच एकदम सुटे. फेर्नो यांनी निकोटिन आयन-विनिमय रेझिनला बांधले, त्यामुळे ते सावकाश सुटू लागले. लाळ अल्कधर्मी करणाऱ्या क्षारांमुळे शोषण सुधारले. गम थोडा चावून, चुणचुण जाणवताच गालात धरून ठेवण्याची पद्धत यातूनच आली.

1978 मध्ये हे च्युइंगगम ‘निकोरेट’ या नावाने स्वित्झर्लंडमध्ये विक्रीस आले. अमेरिकेने त्याला 1984 मध्ये मान्यता दिली आणि 1996 पासून ते तेथे चिठ्ठीविना मिळू लागले. दरम्यान त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टीही बाजारात आली होती. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिन पर्यायी उपचाराचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.